धुंधुरमासात भूतान

पत्राचा सारांश असा. कोल्हापुरातल्या एका बाईंचं पत्र आहे, वय ४८. नवरा-बायको मिळून लग्नकार्याच्या जेवणाच्या ऑर्डरी घेतात. गणपती-नवरात्रात महाप्रसादाच्या पंक्ती, तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, ती थेट पावसाच्या तोंडापर्यंत. वर्षात हक्काचे मोकळे दिवस म्हणजे धुंधुरमासाचे, साधारण १६ डिसेंबर ते संक्रांत, कारण तेव्हा मुहूर्त नसतात. यंदा लग्नाला २५ वर्षं होतायत आणि बाईंना भूतानला जायचंय. नवरा म्हणतो, "ऑफ सीझनला पैसे घालून काकडायला कशाला जायचं? सगळं बंद असतंय तिकडं. पोरगा धंदा बघायला लागला की मे महिन्यात निवांत जाऊ." जाऊबाईंचं मत, बर्फ दिसणार असेल तरच जा, नाहीतर पैसे पाण्यात. एजंट म्हणतो ऑफ सीझन आहे, निम्म्यात बसवून देतो. घरी ७१ वर्षांच्या सासूबाई आहेत, गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्यांना न्यायला भीती वाटते, ठेवून जाणं बरं दिसत नाही. पत्राच्या शेवटी एकच ओळ आहे: "मी उगाच हट्ट करतेय का?"

ताई,

शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देते. नाही. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या लग्नात वाढपं केल्यावर स्वतःच्या लग्नासाठी आठ दिवस मागणं याला कुणी हट्ट म्हणत असेल, तर मग हट्ट हा चांगला शब्द आहे असं म्हणू या.

आता "ऑफ सीझन". हा शब्द तुम्हाला मी समजावून सांगायची गरज नाही, तुमच्याच धंद्यातला आहे. एप्रिल-मे महिन्यात एका दिवशी दोन कार्यालयं अंगावर असतात, तेव्हा यजमानाच्या ताटात काय पडतंय हे तुम्ही स्वतः किती वेळा बघता? आणि धुंधुरमासात कुणी साठ पानांची साठीशांत घेऊन आलं तर? तेव्हा तुम्ही पदर खोचून स्वतः पंक्तीत उभ्या राहता, आजोबांना पुरणपोळीवर तूप जास्त लागतं हेही लक्षात ठेवता. पण त्याच दिवसांत तुमचा मुख्य आचारी गावाला गेलेला असतो, जिलेबीवाला मिळत नाही, आणि यजमानाला सांगावं लागतं की बेत जरा आटोपशीर ठेवा. जानेवारीतला डोंगर नेमका असाच असतो. माणसं निवांत भेटतात, आणि बेत आटोपशीर असतो. तेवढं मान्य असेल तर जा. सगळ्या पदार्थांचं ताट हवं असेल तर जाऊ नका.

"सगळं बंद असतंय" हे तुमच्या यजमानांचं, म्हणजे नवऱ्याचं, म्हणणं अर्धं खरं आहे. बंद काय असतं तर उंचावरच्या ट्रेकच्या वाटा, आणि बर्फ पडला की एखादी खिंड दोन-चार दिवस. तुम्ही काही तंबू घेऊन तिबेटच्या सीमेकडे निघालेल्या नाही. पारो, थिंफू, पुनाखा इथली बाजारपेठ, किल्ल्यासारखे झोंग, मठ हे सगळं चालू असतं. उलट एक गोष्ट अशी आहे की हिवाळ्यात अर्धं भूतान स्वतःच खाली उतरतं. थिंफूतला भिक्षूंचा मुख्य संघ त्यांच्या प्रमुख धर्मगुरूंसह, म्हणजे जे खेन्पोंसह, थंडीचे महिने काढायला पुनाखाच्या झोंगमध्ये येतो. ही शेकडो वर्षांची रीत आहे. थिंफू राजधानी व्हायच्या आधी पुनाखा हीच हिवाळ्यातली राजधानी होती. आपल्याकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, तसंच हे. म्हणजे तुम्ही जानेवारीत पुनाखात असाल तर गर्दी टळून उरलेल्या जागी नाही, जिथं ते लोक स्वतः त्या दिवसांत राहायला येतात तिथं असाल.

पुनाखाची उंची १,२०० मीटरच्या आसपास आहे, महाबळेश्वरपेक्षा जराशी कमीच. जानेवारीत दुपारी तिथं १६-१७ अंश असतं. पुनाखाची दुपार म्हणजे आपली रंकाळ्यावरची डिसेंबरातली पहाट समजा. स्वेटर लागतो, दात वाजत नाहीत. झोंग १६३७-३८ साली भूतान एकत्र बांधणाऱ्या धर्मगुरूंनी, शाब्द्रुंग न्गावांग नामग्याल यांनी, बांधला. फो छू आणि मो छू अशा दोन नद्यांच्या संगमावर तो उभा आहे. लोक एकीला बाप आणि दुसरीला माय म्हणतात. पावसाळ्यात या नद्या गढूळ आणि फुगलेल्या असतात. हिवाळ्यात पाणी कमी, तळातले गोटे दिसतील इतकं स्वच्छ.

थिंफू आणि पारो मात्र वेगळं प्रकरण आहे. दोन्ही २,२०० ते २,४०० मीटरवर. दिवसा उन्हात बसलात तर छान ऊब, सावलीत पाऊल टाकलं की कान लाल, आणि रात्री पारा शून्याच्या खाली. घरांना आणि लहान हॉटेलांना आपल्यासारखीच साध्या भिंतींची सवय. खोलीत बुखारी नावाची लाकडं घालायची लोखंडी शेगडी असते, तिचा धूर नळकांड्यातून बाहेर जातो. नाहीतर विजेचा हीटर. यावर नंतर बोलते, कारण तुमची सहल चांगली होणार की फसणार हे झोंगांपेक्षा या हीटरवर जास्त ठरणार आहे.

जाऊबाईंच्या बर्फाकडे वळते. त्यांना, आणि तुम्हालाही, एक विचारायचंय. बर्फात खेळायचंय, की बर्फाचे डोंगर बघायचेत? या दोन वेगळ्या सहली आहेत आणि आपण त्या नेहमी एकात कालवतो. भूतानचा पाऊस जून ते सप्टेंबर पडतो. हिवाळा कोरडा असतो. थिंफूत बर्फ पडतो, पण थोडा आणि कधीतरी. इतका कधीतरी की वर्षातला पहिला बर्फ पडला की थिंफूत सुट्टी मिळायची रीत आहे. तिथल्या माणसांना ज्याचं एवढं अप्रूप, तो आपल्या सात दिवसांच्या मुक्कामात पडेलच याची हमी कुणी दिली तर त्या माणसाकडून तिकीट काढू नका. बर्फाचे गोळे फेकायचेच असतील तर गुलमर्ग बरं, स्वस्तही पडेल, आणि जाऊबाईंनाही बरोबर न्या.

पण बर्फाचे डोंगर बघायचे असतील तर हाच महिना. पावसाळाभर ढग असतात. उन्हाळ्यात, म्हणजे यजमान म्हणतात त्या मे महिन्यात, हवेत धुरकट पडदा असतो आणि ढग जमायला लागतात. फुलं बघायला वसंत चांगला, पण शिखरं अनेकदा रुसून बसलेली. डिसेंबर-जानेवारीत हवा धुऊन काढल्यासारखी असते. थिंफूहून पुनाखाला जाताना दोचुला खिंड लागते, सुमारे ३,१०० मीटरवर. तिथं १०८ छोटे स्तूप आहेत, २००३ सालच्या लष्करी मोहिमेत मारल्या गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेले. मी काही वर्षांपूर्वी जानेवारीतच तिथं सकाळी आठला पोहोचले होते. झाडांना बांधलेल्या प्रार्थनेच्या पताका दहिवरानं कडक झालेल्या, हाताला लागल्या तर पापडासारख्या. पहिली दहा मिनिटं सगळं पांढरं, काही म्हणजे काही दिसेना, आणि मी मनातल्या मनात खर्चाचा हिशोब करत होते. एक म्हातारी पायात पोराचे कॅनव्हासचे बूट घालून, हातात माळ घेऊन स्तूपांना फेऱ्या घालत होती. तिची तिसरी की चौथी फेरी चालू असताना ढग खाली बसले आणि उत्तरेला रांगच्या रांग उघडी पडली. त्यात ड्रायव्हरनं गंगखार पुएनसुम दाखवलं, ७,५७० मीटर. जगातलं सगळ्यात उंच असं शिखर, ज्यावर अजून कुणी चढलेलं नाही. चढणारही नाही, कारण भूतानात १९९४ पासून ६,००० मीटरच्या वरच्या शिखरांवर चढायला मनाई आहे आणि २००३ पासून गिर्यारोहणच बंद. म्हातारीनं मान वर करूनही बघितलं नाही, तिच्या रोजच्या फेऱ्या राहिल्या होत्या.

बर्फ माझ्या पायाखाली तेव्हा कुठंच नव्हता, एवढं जाऊबाईंना सांगा.

आणखी एक गोष्ट फक्त याच दिवसांत असते. पुनाखाहून अडीच-तीन तासांवर फोबजिखा नावाचं एक रुंद, गवताळ खोरं आहे, जवळजवळ २,९०० मीटर उंचीवर. तिथं ऑक्टोबरअखेरपासून तिबेटच्या पठारावरून काळ्या मानेचे क्रौंच येतात, शेकड्यांनी, आणि फेब्रुवारीच्या सुमाराला परत जातात. त्यांच्या दृष्टीनं जानेवारी हा भर सीझन. या पक्ष्यांचे पंख तारांना अडकू नयेत म्हणून त्या खोऱ्यातल्या विजेच्या तारा जमिनीखालून नेल्यात. गांगटे मठाच्या खालच्या वाटेवर उभं राहिलं की आधी आवाज येतो, मग पक्षी दिसतात. रात्री मात्र तिथं कडाका असतो, बादलीतल्या पाण्यावर काच धरते. तुम्ही दोघंच असाल तर एक रात्र राहा. सासूबाई बरोबर असतील तर पुनाखाहून सकाळी जाऊन दिवसात परत या, किंवा ते टाळा.

एजंटच्या "निम्म्यात" बद्दल थोडं खरखरीत बोलते. भूतान सरकार प्रत्येक पर्यटकाकडून रात्रीमागे विकास शुल्क घेतं. आपल्या भारतीयांना ते माणशी १,२०० रुपये आहे, इतर बहुतेक देशांच्या लोकांना १०० डॉलर. सहा वर्षांखालच्या मुलांना माफ, सहा ते बारा वयाला निम्मं. हे शुल्क मे असो की जानेवारी, तेवढंच. दोघांचे सात रात्रींचे १६,८०० झाले, तिघांचे २५,२००. गाडी, ड्रायव्हर, वाटाड्या यांचेही दर थंडीनं फारसे आकसत नाहीत. स्वस्त होतं ते हॉटेल. म्हणजे निम्म्यात बसवायचं तर कुठली तरी गोष्ट निम्मी करावी लागणार, आणि ती बहुतेक खोलीतली ऊब असणार. तुमच्याकडे कुणी पानाला निम्मा दर मागितला तर तुम्ही बासुंदीत काय करता, ते आठवा. (करत नसाल तर माफ करा.) तेव्हा त्याच्याकडून लेखी घ्या: शुल्क धरलंय का, खोलीत हीटर आहे का आणि त्याचे पैसे वेगळे लावणार का, गरम पाणी दिवसभर की सकाळीच, स्वयंपाकघर रात्री चालू असतं का. माझ्या एका ओळखीच्या कुटुंबाला मोठ्या तीन मजली हॉटेलात एकटंच ठेवलं होतं. रात्री आठला विचारलं तर आचारी सुट्टीवर, आणि अख्ख्या मजल्यावर ते चौघे आणि व्हरांड्यातलं कुत्रं. ऑफ सीझनला मोठं हॉटेल घेऊच नये असं माझं मत आहे. जिथं मालक कुटुंबासह राहतो, जिथं त्यांच्याच चुलीवर तुमचंही शिजतं, असं लहान घर शोधा. तिथं बुखारी पेटलेलीच असते, कारण ती त्यांनाही लागते.

तारखांचंही तेच. २४ डिसेंबर ते २ जानेवारी हा ऑफ सीझन नाही, एजंट काहीही म्हणो. नाताळच्या सुट्टीत आपलीच माणसं सगळीकडे असतात आणि विमानाची तिकिटं भडकलेली. तुमचा मोकळा काळ संक्रांतीपर्यंत आहे, तर ३-४ जानेवारीला निघा आणि १३ पर्यंत परत या. भोगीची भाजी घरी करा. जाता जाता एक सांगते, २ जानेवारीला भूतानात न्यिलोची सुट्टी असते, दिवस मोठा व्हायला लागल्याचा सण. आपल्या संक्रांतीचाच भाऊबंद म्हणायचा.

आता थंडीपेक्षा मला ज्याची जास्त काळजी वाटते ते धुकं. भूतानात नाही, खाली आपल्याकडे. कोल्हापूरहून मुंबई, हैदराबाद किंवा बेंगळुरूला विमान बदलून बहुतेक लोक बागडोगराला, म्हणजे सिलिगुडीला उतरतात, आणि पुढे मोटारीनं चार-एक तासांत जयगाव-फुंटशोलिंगच्या सीमेवर. डिसेंबर-जानेवारीत उत्तर बंगालात सकाळी दाट धुकं उतरतं आणि विमानं तासन्‌तास अडकतात, कधी रद्दही होतात. म्हणून बागडोगराला दुपारचं विमान बघा, त्या रात्री सिलिगुडीत किंवा सीमेवर मुक्काम ठेवा, आणि परतताना एक अख्खा दिवस राखीव ठेवा. हा राखीव दिवस वाया जातो असं वाटून लोक तो काढून टाकतात आणि मग विमानतळावर रात्र काढतात. दिल्ली किंवा कोलकात्याहून थेट पारोला विमानानंही जाता येतं. पारोचा विमानतळ डोंगरांच्या चिंचोळ्या खोऱ्यात आहे, वैमानिकाला डोळ्यांनी दरी दिसावी लागते, त्यामुळे उड्डाणं दिवसाच, त्यातही शक्यतो वारं उठायच्या आत. कोरडी हिवाळी सकाळ त्याला चांगलीच, पण दिल्लीचं धुकं तिथंही आडवं येतं.

कागदपत्रं म्हणजे प्रत्येकाचा पासपोर्ट, सहा महिने मुदत शिल्लक असलेला, नाहीतर मतदार ओळखपत्र. आधार कार्डावर विसंबू नका. मतदार कार्डावरचं तुमचं नाव आणि तिकिटावरचं नाव सारखं आहे का ते आजच बघा. लग्नाआधीचं नाव एकीकडे आणि नंतरचं दुसरीकडे, असं आपल्या पिढीतल्या निम्म्या बायकांचं असतं. पैशांचं सोपं आहे, त्यांचं न्गुलट्रुम आणि आपला रुपया एकाच किमतीचे, आपल्या नोटा चालतात. यूपीआयही तिथं २०२१ मध्ये सुरू झालं, पण गावाकडच्या दुकानात रोख ठेवा. घड्याळ अर्धा तास पुढे करा.

कपड्यांबद्दल एकच खरं सांगण्यासारखं आहे. जाड जॅकेट सगळेच नेतात. पण झोंगमध्ये, मंदिरात चपला-बूट बाहेर काढायचे असतात आणि आतली लाकडी जमीन अशी गार असते की पायातून डोक्यात कळ जाते. मी पहिल्या दिवशी हौसेनं कोल्हापुरी घालून गेले होते. आतल्या बुद्धमूर्तीचं मला काही आठवत नाही, फक्त माझी बोटं आठवतात. लोकरीचे जाड पायमोजे, दोन जोड, पिशवीत वेगळे. आणि पट्टणकोडोलीकडची एक चांगली घोंगडी गाडीत टाका. लोक हसतील. सासूबाईंच्या गुडघ्यांवर ती पाच तासांच्या प्रवासात पसरली की कुणी हसणार नाही. अंगात एकावर एक पातळ थर घाला, दुपारी काढता येतात. दिवस लहान असतो, साडेपाचच्या आत अंधारून येतं, तेव्हा बाहेरचं फिरणं आठ ते चार एवढंच आखा.

आणि हे तुम्हाला, कोळशाच्या शेगड्यांवर आयुष्य काढलेल्या बाईला सांगावं लागू नये: नळकांडं नसलेली शेगडी बंद खोलीत घेऊन झोपायचं नाही. कुणी आपुलकीनं आणून दिली तरी नाही.

जेवणाची चिंता तुम्ही पत्रात केलेली नाही, पण यजमान करतील. त्यांना सांगा, तिथला राष्ट्रीय पदार्थ म्हणजे एमा दात्शी, मिरच्यांची चीजमधली भाजी. मिरच्यांचा मसाला नव्हे, मिरच्यांची भाजी, वांग्याची करतो तशी. बरोबर तांबडा भात. तांबड्या रश्श्याच्या बढाया मारणारे आमचे दोन कोल्हापूरकर तिसऱ्या घासाला पाणी मागताना मी पाहिलेत. शाकाहारी असाल तर बटाट्याची केवा दात्शी, अळंबीची शामू दात्शी आहेच.

यजमानांबद्दल थोडं. "मे महिन्यात निवांत जाऊ" असं ते म्हणतात. मे महिना तुमच्या धंद्यात निवांत कधी होता? पोरगा बघायला लागला तरी पहिली चार वर्षं मे महिन्यात हे फोन हातात घेऊनच बसणार. मला वाटतं त्यांना थंडीची भीती नाही. पंचवीस वर्षांत आठ दिवस रिकामं बसायची वेळ आली नाही, त्याची असावी. हे त्यांना असं तोंडावर म्हणू नका, पुरुषांना आवडत नाही. एखादं काम द्या. हॉटेलं निवडायचं द्या, स्वयंपाकघराबद्दल फोनवर चार प्रश्न विचारायला लावा. त्या विषयात ते एजंटला सळो की पळो करतील. आणि पारोजवळचं तक्त्संग त्यांना दाखवा, कड्याला चिकटलेला मठ. १६९२ साली बांधला, १९९८ मध्ये आगीत जळला, पुन्हा उभारला. उंची ३,१२० मीटर, पायथ्यापासून जवळजवळ पाचशे मीटरची चढण, शेवटी पायऱ्याच पायऱ्या. जाऊन येऊन पाच-सहा तास. अर्ध्या वाटेवर चहाची जागा आहे, तिथवर घोडं मिळतं. ही चढण साठीनंतरही लोक करतात, पण तुमचे दोघांचे गुडघे आज कसे आहेत हे तुम्हाला माहीत आहे, आणि दिवसभर मांडवात उभं राहून दहा वर्षांनी कसे असतील हेही. डिसेंबरभर दर रविवारी पहाटे पन्हाळा पायी चढा. दोघं मिळून. तिथं दम लागला तर तक्त्संग अर्ध्यावरच ठेवा, तिथूनही ते छान दिसतं. सकाळी सावलीतल्या वाटेवर दहिवर गोठून निसरडं असतं, म्हणून नऊनंतर निघा आणि हातात काठी ठेवा.

भूतानचं शुल्क ज्यांना परवडत नाही अशा वाचकांसाठी मध्येच सांगते. याच दिवसांत नेपाळमध्ये काठमांडू-पोखरा करता येतं. पोखरा आठशे मीटरवर आहे, थंडी सोसवते, अन्नपूर्णेची रांग स्वच्छ दिसते. फक्त म्हाताऱ्या माणसांना घेऊन जानेवारीत मुक्तिनाथचा हट्ट धरू नका, ते ३,७०० मीटरच्या वर आहे. आणि ज्यांची नोकरी साखर कारखान्यात आहे, ज्यांना गळीत हंगाम संपल्यावर पावसाळ्यातच रजा मिळते, त्यांनी भूतान-नेपाळच्या नादाला लागू नये. त्यांचा ऑफ सीझन लडाखचा सीझन असतो, हिमालयापलीकडे पाऊस फारसा पोचत नाही. प्रत्येकाच्या मोकळ्या महिन्याला कुठला ना कुठला डोंगर जुळतो, तो शोधायचा.

राहिल्या सासूबाई. तुमच्या दोन पानांच्या पत्रात त्यांच्याबद्दल सहा वाक्यं आहेत आणि त्यांचं स्वतःचं एकही नाही. त्यांना विचारलंत का? त्या घाबरतील, नाराज होतील, लोक काय म्हणतील, हे सगळं तुम्ही त्यांच्या वतीनं ठरवून टाकलंय. कदाचित त्यांना यायचंच नसेल आणि इचलकरंजीच्या लेकीकडे दहा दिवस राहायला मिळतंय म्हणून त्या खूश असतील. कदाचित यायचं असेल आणि "माझ्यामुळं तुमचं अडायला नको" म्हणून गप्प असतील.

यायचं म्हणाल्या तर त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा, थंडीत रक्तदाब चढतो. गोळ्या दुप्पट घ्या आणि त्या हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको. थंडीत तहान लागत नाही, म्हणून पाणी आठवणीनं पाजा. मुक्काम पुनाखात तीन रात्री, पारोत दोन, थिंफूत एकच करा. पारोच्या वरची चेले ला खिंड जवळजवळ चार हजार मीटरवर आहे, ती त्यांच्याशिवाय बघा किंवा बघूच नका. तुम्ही तक्त्संगला जाल त्या दिवशी त्या उन्हात बसून राहतील, मालकिणीशी हातवाऱ्यांनी गप्पा मारतील. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना मिरच्या निवडता येतात, भाषा लागत नाही. नाही म्हणाल्या तर नणंदबाईंना तारखा आत्ताच सांगून ठेवा. अपराधी वाटून रोज तीनदा फोन करायचा नाही.

आज रात्री जेवणं आवरली की त्यांच्याजवळ बसा आणि मोबाइलवर पुनाखाचा झोंग दाखवा. "तुम्हाला झेपेल का?" असं विचारू नका. "आई, आम्ही इथं जायचं म्हणतोय, तुम्हाला काय वाटतं?" एवढंच. यजमान तिथंच असू देत.